एका आरोपीवर सहा खटले: ज्युरीतले बारा जण निवडतं कोण?

१६ जुलै १९९६. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या विनोना या छोट्या गावात एका फर्निचरच्या दुकानात चार जणांचा गोळ्या घालून खून झाला. काही महिन्यांनी पोलिसांनी कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय तरुणाला अटक केली. तो आधी थोडे दिवस त्या दुकानात कामाला होता. १९९७ ते २०१० या काळात याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर एकूण सहा वेळा खटला चालला. सहाही वेळा सरकारी वकील एकच होते, डग इव्हान्स.

या सहा खटल्यांमधली ज्युरी कशी होती, ते आधी पाहू. पहिल्या खटल्यात बाराही ज्युरर गोरे होते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या खटल्यात ११ गोरे आणि एक कृष्णवर्णीय. या चारही वेळा फ्लॉवर्स दोषी ठरला आणि त्याला मृत्युदंड सुनावला गेला. चौथ्या खटल्यात सात गोरे आणि पाच कृष्णवर्णीय, तर पाचव्यात नऊ गोरे आणि तीन कृष्णवर्णीय होते. या दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि खटला निकालाविना संपला.

विनोनाची लोकसंख्या साधारण पाच हजार, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय. मग चार वेळा ज्युरीत जवळपास सगळे गोरेच कसे आले? हा योगायोग नव्हता, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. ते नेमकं कशावरून सांगितलं, हे समजून घ्यायचं तर आधी ज्युरी निवडतात कशी ते पाहायला हवं.

ज्युरी निवडली जाते म्हणजे काय?

ज्युरी म्हणजे कायद्याचं खास शिक्षण नसलेल्या सामान्य नागरिकांचा गट. कोर्टात साक्षी-पुरावे ऐकायचे, आपसांत चर्चा करायची आणि आरोपी दोषी आहे की नाही हे ठरवायचं, हे त्याचं काम. अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्यात सहसा १२ ज्युरर असतात आणि त्यांचं एकमत लागतं. त्यामुळे बारांपैकी एकाला जरी पटलं नाही, तरी आरोपीला दोषी ठरवता येत नाही. म्हणूनच ते बारा जण कोण, याला एवढं महत्त्व आहे.

हे बारा जण तीन चाळण्यांमधून जातात. पहिली चाळणी यादीची: मतदार यादी, वाहन परवान्यांची यादी वगैरेंमधून चिठ्ठी पद्धतीने नावं काढून समन्स पाठवलं जातं. दुसरी चाळणी सकारण हरकतीची: आलेल्या लोकांना न्यायाधीश आणि वकील प्रश्न विचारतात, आणि एखादा निःपक्ष राहू शकणार नाही असं दिसलं तर न्यायाधीश त्याला वगळतात. तिसरी चाळणी म्हणजे ‘पेरेम्प्टरी स्ट्राइक’: दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठरावीक संख्येत नावं खोडता येतात आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. उदाहरणार्थ, केंद्रीय कोर्टातल्या सर्वसाधारण गंभीर खटल्यात सरकारी पक्षाला अशी ६ आणि बचाव पक्षाला १० नावं खोडता येतात.

भेदभाव या तिन्ही ठिकाणी शिरू शकतो. मात्र प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप वेगळं असतं.

पहिली चाळणी: यादीतच नाव नसेल तर?

एकेकाळी भेदभाव थेट कायद्यात लिहिलेला होता. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात फक्त गोऱ्या पुरुषांनाच ज्युरर होता येत असे. १८८० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. स्त्रियांना त्यानंतरही बराच काळ थांबावं लागलं. लुइझियाना राज्यात स्त्रीने स्वतःहून लेखी कळवल्याशिवाय तिचं नाव यादीत येतच नसे. ही पद्धत १९७५ मध्ये रद्द झाली. ज्युरीची यादी समाजाच्या सर्व थरांमधून यायला हवी, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं झालं.

मात्र कुणाच्याही मनात खोट नसतानाही यादी एकांगी होऊ शकते. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या केंद्रीय कोर्टात काही वर्षं एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. खुद्द हार्टफर्ड शहरातल्या कुणालाही ज्युरीचं बोलावणं येत नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं की दोष संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये होता. इंग्रजीत हार्टफर्ड या नावातलं आठवं अक्षर ‘डी’ आहे. ते शहराच्या नावाच्या रकान्यात न बसता शेजारच्या रकान्यात जात होतं, आणि तिथे ‘डी’चा अर्थ होता ‘मृत’. थोडक्यात, संगणकाच्या लेखी अख्खं शहर मेलेलं होतं. हार्टफर्डमध्ये कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्ती मोठी आहे, त्यामुळे ज्युरीतून तेच गळत होते. १९९२ मध्ये हे प्रकरण कोर्टासमोर आलं.

पैशांचाही प्रश्न आहे. केंद्रीय कोर्टात ज्युररला दिवसाला ५० डॉलर मिळतात. पगारी रजा मिळणाऱ्या माणसाला यात काही अडचण नाही. पण रोजंदारीवर काम करणारा, किंवा घरी लहान मूल असलेली एकटी आई, ‘मला जमणार नाही’ असं सांगून सुटका करून घेते. भाड्याची घरं सतत बदलणाऱ्यांपर्यंत तर समन्स पोहोचतच नाही. नियम सर्वांना सारखाच असतो, पण गरीब माणूस मात्र ज्युरीबाहेर राहतो.

दुसरी चाळणी: ‘निःपक्ष’ कोणाला म्हणायचं?

आरोपीचा नातेवाईक ज्युरीत नसावा, यावर कुणाचं दुमत होणार नाही. पण मृत्युदंडाच्या खटल्यांत इथे एक वेगळाच पेच उभा राहतो. काहीही झालं तरी मी फाशीच्या बाजूने मत देणार नाही, असं सांगणाऱ्याला अशा ज्युरीतून वगळता येतं. अशा प्रकारे वगळल्यानंतर उरलेली ज्युरी सरकारी पक्षाकडे झुकलेली असते, असा युक्तिवाद १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टात झाला. कोर्टाने तो मान्य केला नाही. मात्र मुद्दा संपला नाही, कारण आरोपी दोषी आहे की नाही हे ठरवणारे आणि शिक्षा ठरवणारे ज्युरर बहुतेक वेळा तेच असतात.

तिसरी चाळणी: कारण न देता नाव खोडणं

खरा वाद आहे तो या चाळणीवर. कारण द्यायचंच नसेल, तर वकिलाने एखादं नाव वर्ण पाहून खोडलं हे सिद्ध कसं करणार? १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने याचं उत्तर फार कठीण करून ठेवलं होतं. सरकारी वकील एकामागून एक खटल्यांत हेच करत आला आहे, हे आरोपीने दाखवावं, अशी अपेक्षा होती. तुरुंगात बसलेल्या माणसाने इतर खटल्यांची कागदपत्रं आणायची कुठून?

१९८६ मध्ये हे बदललं. केंटकी राज्यात जेम्स बॅट्सन या कृष्णवर्णीय माणसावर घरफोडीचा खटला होता. सरकारी वकिलाने यादीतले चारही कृष्णवर्णीय खोडले आणि संपूर्ण गोऱ्या ज्युरीने बॅट्सनला दोषी ठरवलं. सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की केवळ वर्णावरून नाव खोडणं घटनेच्या विरुद्ध आहे, आणि त्यासाठी आरोपीने स्वतःच्या खटल्यातला पुरावा दाखवला तरी पुरे.

तेव्हापासून तीन टप्प्यांची पद्धत रूढ झाली. आधी बचाव पक्षाने संशयाला जागा आहे हे दाखवायचं. मग सरकारी वकिलाने वर्णाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं. शेवटी ते कारण खरं की बनावट हे न्यायाधीशाने ठरवायचं. पुढे हाच नियम बचाव पक्षालाही लागू झाला, आणि १९९४ मध्ये स्त्री-पुरुष भेदालाही.

याच निकालात न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी स्वतंत्र मत नोंदवलं होतं. ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. कारण काय, कुणीही कुठलंही सांगू शकेल, तेव्हा हा अधिकारच काढून टाकल्याशिवाय भेदभाव थांबणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

कारणं सांगितली गेली, पण कसली?

मार्शल यांची शंका लवकरच खरी ठरू लागली. १९९५ च्या एका प्रकरणात सरकारी वकिलाने एका माणसाचं नाव खोडण्याचं कारण दिलं होतं की त्याचे केस लांब आणि विस्कटलेले आहेत, शिवाय मिशी आणि दाढी आहे. सुप्रीम कोर्ट म्हणालं की दुसऱ्या टप्प्यावर कारण पटण्याजोगं असायलाच हवं असं नाही, ते वर्णाशी संबंधित नसलं म्हणजे झालं. पटतं की नाही हे तिसऱ्या टप्प्यावर न्यायाधीशाने पाहायचं. पण वकिलाच्या मनात काय होतं हे न्यायाधीश कसं ओळखणार? आणि ज्या सरकारी वकिलाशी रोज काम पडतं, त्याला भर कोर्टात ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं सांगणं किती न्यायाधीशांना जमणार?

कधीकधी कागदच बोलतात. जॉर्जिया राज्यात टिमथी फॉस्टर याच्यावर १९८७ मध्ये खटला चालला आणि त्याला मृत्युदंड झाला. त्याही ज्युरीत सगळे गोरे होते. बऱ्याच वर्षांनी सरकारी वकिलांच्या फाइलमधले कागद बचाव पक्षाच्या हाती आले. संभाव्य ज्युररच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या रंगाने ठळक केलेली होती आणि त्यांच्यापुढे ‘बी’ हे अक्षर लिहिलेलं होतं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली. खटला आणि हा निकाल यांच्यात २९ वर्षं गेली होती.

फ्लॉवर्सच्या खटल्यात काय सापडलं?

फ्लॉवर्सच्या प्रकरणात अशी फाइल नव्हती, पण आकडे होते. पहिल्या दोन शिक्षा मिसिसिपीच्या सुप्रीम कोर्टाने सरकारी वकिलाच्या गैरवर्तनामुळे रद्द केल्या. तिसरी शिक्षा ज्युरी निवडीतल्या भेदभावामुळे रद्द झाली. सहाव्या खटल्यातली शिक्षा मात्र राज्याच्या कोर्टाने कायम ठेवली आणि प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं.

तिथे सगळ्या खटल्यांचा हिशेब एकत्र मांडला गेला. ज्या खटल्यांमधल्या नोंदी उपलब्ध होत्या, त्यांत सरकारी पक्षाला एकूण ४२ कृष्णवर्णीयांची नावं खोडता आली असती. त्यातली ४१ खोडण्याचा प्रयत्न झाला होता. सहाव्या खटल्यात सहापैकी पाच कृष्णवर्णीय वगळले गेले. त्या पाच जणांना सरकारी वकिलाने मिळून १४५ प्रश्न विचारले, म्हणजे प्रत्येकी २९. ज्युरीत घेतलेल्या ११ गोऱ्यांना मिळून विचारले १२, म्हणजे प्रत्येकी जेमतेम एक. एखाद्याला खोदूनखोदून विचारत राहिलं की काही ना काही कारण हाती लागतंच. ज्याला काही विचारलंच नाही, त्याच्याबद्दल काय सापडणार?

एका कृष्णवर्णीय महिलेला वगळताना सांगितलं गेलं की खटल्याशी संबंधित बरेच लोक तिच्या ओळखीचे आहेत. ते खरंच होतं, तिची अशा ३४ जणांशी ओळख होती. पण पाच हजार वस्तीच्या गावात कोण कुणाला ओळखत नाही? तीन गोऱ्या उमेदवारांच्या ओळखीचे अनुक्रमे ३१, २७ आणि १८ जण होते. त्यांच्या या ओळखींबद्दल पुढे काही विचारलं गेलं नाही.

२१ जून २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी फ्लॉवर्सची शिक्षा रद्द केली. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांनी लिहिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्लॉवर्स जामिनावर बाहेर आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. तोवर त्याची जवळपास २३ वर्षं कोठडीत गेली होती. फर्निचरच्या दुकानात गेलेल्या चार जिवांच्या कुटुंबांना मात्र इतक्या खटल्यांनंतरही पक्कं उत्तर मिळालं नाही. ज्युरीची निवड सदोष असेल तर त्याची झळ फक्त आरोपीला बसत नाही, ती फिर्यादी पक्षालाही बसते.

ज्युरी कोणाची, याने खरंच फरक पडतो का?

एका प्रकरणावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. यावर अभ्यास झाले आहेत. फ्लोरिडातल्या दोन काउंटींमध्ये २००० ते २०१० या काळात चाललेल्या ७०० हून जास्त खटल्यांचा संशोधकांनी अभ्यास केला. ज्या दिवशी निवडीसाठी आलेल्या गटात एकही कृष्णवर्णीय नव्हता, त्या खटल्यांत कृष्णवर्णीय आरोपी ८१ टक्के वेळा दोषी ठरले आणि गोरे ६६ टक्के वेळा. गटात किमान एक कृष्णवर्णीय असेल, तर हेच प्रमाण अनुक्रमे ७१ आणि ७३ टक्के होतं. म्हणजे तफावत जवळपास पुसली गेली होती.

यामागचं कारण काय असावं? मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल सॉमर्स यांनी २००६ मध्ये लुटुपुटूच्या ज्युरी बसवून एक प्रयोग प्रसिद्ध केला. मिश्र गटांनी जास्त वेळ चर्चा केली, पुराव्यातले जास्त तपशील विचारात घेतले आणि चुका कमी केल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे, मिश्र गटातले गोरे सदस्यही सगळ्या गोऱ्या गटातल्या सदस्यांपेक्षा जास्त काळजीपूर्वक बोलत होते. म्हणजे कृष्णवर्णीय ज्युरर कृष्णवर्णीयाला सोडून देतो, एवढाच हा मामला नाही. समोर वेगळ्या अनुभवाचा माणूस बसला असला की सगळेच जास्त विचार करतात.

मग उपाय काय?

वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे मार्ग निघाले आहेत.

इंग्लंडने १९८८ च्या कायद्याने बचाव पक्षाचा कारण न देता नाव खोडण्याचा अधिकार काढून टाकला. कॅनडात २०१८ मध्ये एका आदिवासी तरुणाच्या मृत्यूच्या खटल्यात, आदिवासी दिसणारी सगळी नावं वगळून नेमलेल्या ज्युरीने गोऱ्या शेतकऱ्याला निर्दोष सोडलं. त्यावरून देशभर संताप उसळला आणि २०१९ मध्ये तिथेही हा अधिकार गेला.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये मधला मार्ग काढला. वकिलाच्या मनात भेदभाव होता का, हे शोधत बसायचं नाही. त्रयस्थ आणि जाणत्या माणसाला या खोडण्यामागे वर्ण हा एक घटक दिसू शकतो का, एवढंच न्यायाधीशाने पाहायचं. ‘पोलिसांवर विश्वास नाही’, ‘नातेवाइकाला अटक झाली होती’, ‘गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्तीत राहतो’ अशी कारणं तिथे मुळातच संशयास्पद मानली जातात. कारण पोलिसांचा असा अनुभव कोणत्या वस्त्यांच्या वाट्याला जास्त येतो, हे उघड आहे. कॅलिफोर्नियानेही नंतर अशाच धर्तीचा कायदा केला. ॲरिझोना त्याहून पुढे गेलं आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथे कारण न देता नाव खोडणं पूर्ण बंद झालं.

पण दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. अनेक बचाव वकिलांना हा अधिकार हवाच आहे. एखाद्या ज्युररच्या नजरेत अशिलाबद्दलची अढी दिसते, पण ती सिद्ध करता येत नाही. अशा वेळी हाच अधिकार कामी येतो. फ्लॉवर्सच्या निकालात विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस स्वतः कृष्णवर्णीय आहेत. कृष्णवर्णीय आरोपींनाही पूर्वग्रहदूषित ज्युरर टाळण्यासाठी या अधिकाराचा उपयोग असतो, असा त्यांचा मुद्दा आहे. शिवाय तिसरी चाळणी बंद केली तरी पहिली आणि दुसरी तशाच राहतात. हार्टफर्डची चूक कुठल्याही वकिलाने केलेली नव्हती.

आपल्याकडे ज्युरी होती तेव्हा

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. ब्रिटिश काळात भारतातही ज्युरी होती आणि तिच्यातला भेद कायद्यानेच घालून दिलेला होता. १८८३ च्या इल्बर्ट बिलावरून झालेल्या वादानंतर जी तडजोड झाली, तिच्यात युरोपीय आरोपीला निम्मे तरी सदस्य युरोपीय किंवा अमेरिकन असलेली ज्युरी मागता येत होती. भारतीय आरोपीला तसं संरक्षण मिळालं नाही.

याचा परिणाम लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत दिसतो. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते, आणि निकाल लागला सहा विरुद्ध तीन असा. १९०८ मध्ये सरकारने ‘स्पेशल ज्युरी’ मागितली. त्या ज्युरीत युरोपीयच बहुसंख्य असतील आणि ‘केसरी’तले मराठी लेख त्यांना मुळातून वाचता येणार नाहीत, असा आक्षेप टिळकांच्या बाजूने घेतला गेला. न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी आले. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षांची, रवानगी मंडालेला.

नानावटी खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली, असं सर्रास सांगितलं जातं. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने नौदल अधिकारी कावस नानावटी यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि हायकोर्टाने नानावटींना दोषी ठरवलं, हे खरं आहे. पण ज्युरी बंद करावी अशी शिफारस विधी आयोगाने त्याआधीच, १९५८ मध्ये केली होती. शेवटी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीची तरतूदच राहिली नाही.

आज अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांच्या टपालातही ज्युरीचं समन्स येतं. ‘कामाचे दिवस बुडतील’ म्हणून ते टाळण्याकडे अनेकांचा कल असतो. फ्लोरिडातले आकडे त्यांनी एकदा पाहावेत. तिथे तफावत पुसली जायला निवडीच्या खोलीत एका वेगळ्या माणसाची हजेरी पुरली होती, मग तो शेवटी ज्युरीत बसला असो वा नसो.